निराधार मुलींचे शिक्षण आणि पालकत्वाचे सातत्य

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

शाळेच्या पटावर मुलीचे नाव दाखल होणे ही एक गोष्ट आहे आणि ते नाव शेवटच्या इयत्तेपर्यंत पटावर टिकून राहणे ही दुसरी. ज्या मुलीच्या डोक्यावर आईबापांचे छत्र आहे, तिच्या बाबतीत या दोन गोष्टींमधील अंतर घरातील माणसे नकळत भरून काढीत असतात. वही संपली तर कोणी आणून देते, ताप आला तर कोणी दवाखान्यात नेते, शाळेचा कंटाळा केला तर कोणी रागे भरते. निराधार मुलीच्या जीवनातून हे ‘कोणी’च नाहीसे झालेले असते. तिच्या शिक्षणाचा प्रश्न हा मुळात या रिकाम्या जागेचा प्रश्न होय.

आपल्या समाजात दयाबुद्धीची वाण नाही. एखाद्या घरावर आघात झाला म्हणजे शेजारी धान्य देतात, नातलग धावून येतात, शिक्षक वर्गणी काढून मुलीला गणवेश घेऊन देतात. परंतु जसजसे दिवस जातात, तसतशी ही मदत विरळ होत जाते. सहा महिन्यांनी तीच मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसलेली आढळते. आणखी दोनतीन वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी चालू असल्याचे कानावर येते. मदत करणारे निर्दय झाले, असे यात काही घडलेले नसते. मदत प्रसंगापुरती होती आणि गरज वर्षानुवर्षांची होती, एवढेच घडलेले असते.

हिशेब अगदी साधा आहे. सहाव्या वर्षी पहिलीत आलेली मुलगी सज्ञान होईपर्यंत १२ वर्षे, म्हणजे १४४ महिने जातात. या १४४ महिन्यांत तिला अन्न, निवारा, शिक्षण आणि विश्वासाचे माणूस यांचा पुरवठा अखंड व्हावा लागतो. मध्येच वर्षभराचा खंड पडला, तर मागील वर्षांची मदत पुष्कळ अंशी वाया जाते. म्हणून निराधार मुलीला दिलेल्या आश्रयाचे मोल पहिल्या दिवशी किती दिले यावरून ठरवावयाचे नसून, तो शेवटच्या दिवसापर्यंत किती टिकला यावरून ठरवावयाचे असते. हे सातत्य कसे राखावे आणि त्यात प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. निराधार कोणास म्हणावे?

आई व वडील दोघेही वारले असतील तरच मूल अनाथ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शाळेने मात्र एवढ्याच व्याख्येवर थांबता कामा नये. वडील वारले असून आई मजुरीसाठी परगावी जाते, अशी मुलगी. आईने किंवा बापाने सोडून दिलेली मुलगी. ज्यांचे आईवडील असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले आहेत अथवा अपघाताने पंगू झाले आहेत, अशी मुलगी. पालक तुरुंगात असलेली मुलगी. थकलेल्या आजीच्या आधाराने राहणारी मुलगी. या सर्वजणी कमीअधिक प्रमाणात याच वाटेवर उभ्या असतात. ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गाव सोडून जाणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारी मुलगी अनाथ नसते. परंतु वर्षातील पाचसहा महिने तिचे शिक्षण मात्र निराधार असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. आधार तुटलेल्या मुलाला लोक कामाला लावतात. आधार तुटलेल्या मुलीला कामाला तर लावतातच, शिवाय तिचे लग्न उरकून टाकून जबाबदारीतून मोकळे होऊ पाहतात. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलीचा विवाह लावणे हा गुन्हा आहे. तरीही ‘पोरीला कोण सांभाळणार?’ या एका प्रश्नापुढे कायद्याचा विसर पडतो. म्हणूनच सांभाळण्याची खात्रीची व्यवस्था करणे हाच बालविवाह टाळण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

२. पूर्वसूरींचा अनुभव

या कार्यास महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवावे, अशी सोय होती. या कार्यातील गुप्ततेचे तत्त्व विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आश्रय मागणाऱ्या स्त्रीची अब्रू सांभाळणे हा आश्रयाचाच भाग आहे, हे फुले दांपत्याने ओळखले होते. अशाच एका विधवेच्या यशवंत नावाच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि शिकवून डॉक्टर केले. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करीत असताना निवर्तल्या, तेव्हा याच मुलाचा दवाखाना त्या सेवेचे केंद्र होता. पंढरपुरासही १८७५ साली प्रार्थना समाजाच्या कार्यकर्त्यांनी असेच बालकाश्रमाचे कार्य आरंभिले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पंडिता रमाबाईंचा. दुष्काळात आईवडील व बहीण गमावलेल्या आणि ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या रमाबाईंना निराधारपणा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. या मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. एकदाच मोठी देणगी घेऊन काम सुरू करण्यापेक्षा, अनेकांकडून ठरावीक काळापर्यंत ठरावीक साहाय्य मिळविणे अधिक खात्रीचे, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले.

परंतु १८९३ साली शारदा सदनावर एक मोठे संकट आले. संस्थेत धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन लोकांना देण्यात आले होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या, यावरून पुण्यात वाद पेटला. आपण कोणास बोलावीत नाही आणि कोणास अडवीतही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ती मान्य न झाल्याने न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात कोणाची बाजू किती न्याय्य होती, याची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. शिक्षकाच्या दृष्टीने त्यातील एक वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. वाद मोठ्या माणसांचा होता. शिक्षण मात्र मुलींचे तुटले.

पुढे १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून व गुजरातेतून उपाशी मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे मुक्ती सदनात ठेवल्या. त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना केवळ जेवू घालून भागणारे नव्हते. म्हणून लेखनवाचनाबरोबर विणकाम, शिवणकाम, बागकाम, छपाई असे उद्योग तेथे शिकविले जात. अंध मुलींच्याही शिक्षणाची सोय करण्यात आली. आश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हाती काही विद्या असली पाहिजे, हा त्यामागील हेतू होता.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई. १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या ‘बाया’, झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. त्या काळी ‘अनाथ बालिका’ या शब्दांनी मुख्यतः तरुण विधवा अभिप्रेत होत्या. पुण्याजवळ हिंगणे येथे माळरानावर एका झोपडीत आश्रम सुरू झाला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे कर्वे तेथपर्यंत रोज पायी जाऊयेऊ लागले. पैसा थोर दात्यांच्या एका सहीने आला नाही. गावोगाव हिंडून, लहान रकमा गोळा करून, तो उभा राहिला. हिशेबाच्या चोखपणाबद्दल कर्व्यांची ख्याती होती, आणि मतभेद असणारे लोकही त्यांना वर्गणी देत, याचे एक कारण हेच होते.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण तर प्रत्येक शिक्षिकेने वाचावे असे आहे. तरुणपणी विधवा झालेल्या पार्वतीबाई प्रौढ वयात अक्षरे शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि वर्गणी गोळा करण्याचे अवघड काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या व तेथे प्रसंगी घरकाम करून राहिल्या. ज्या स्त्रीला एके काळी आधाराची गरज होती, तीच इतरांचा आधार मिळवून आणणारी झाली. आश्रयाचे याहून मोठे फळ कोणते? पुढे १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्म मठाची स्थापना केली, ती आयुष्य वाहून घेणारे कार्यकर्ते मिळावेत म्हणून. पैशाइतकेच माणसांचे सातत्यही आवश्यक असते, हे त्यांनी जाणले होते.

या सर्व अनुभवातून तीन गोष्टी हाती लागतात. साहाय्य दीर्घ मुदतीचे असावे, ही पहिली. साहाय्याच्या मोबदल्यात मुलीच्या मनावर अथवा आयुष्यावर कोणी हक्क सांगू नये आणि मोठ्यांच्या मतभेदांची किंमत मुलीने मोजू नये, ही दुसरी. हिशेब उघडा आणि मुलीची ओळख झाकलेली असावी, ही तिसरी. आजच्या व्यवस्थेकडे पाहताना हीच तीन मापे वापरावयास हवीत.

३. आजची व्यवस्था

पूर्वी जे कार्य थोर व्यक्तींच्या पुढाकारावर अवलंबून होते, त्याला आज कायद्याचा आधार आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस आहे. या कायद्यातील एक तत्त्व शिक्षकांनी मनावर कोरून ठेवण्यासारखे आहे. बालकास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय. प्रथम पाहावयाचे ते हे, की मूल आपल्या आईजवळ, आजीजवळ किंवा मामाकाकांजवळ सुखरूप राहू शकेल काय. केवळ दारिद्र्यामुळे ते शक्य होत नसेल, तर दारिद्र्यावर इलाज करावा. मुलाला घरापासून तोडू नये.

याच तत्त्वावर प्रायोजकत्वाची, म्हणजे घरी राहणाऱ्या बालकास दरमहा अर्थसाहाय्य देण्याची, योजना उभी आहे. आई विधवा, घटस्फोटित अथवा परित्यक्ता असेल. मूल अनाथ असून नातलगांजवळ राहत असेल. पालक जीवघेण्या आजाराने ग्रस्त असतील किंवा अपघाताने असमर्थ झाले असतील, तर हे साहाय्य मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याची रक्कम दरमहा ४,००० रुपये असून, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये व अन्यत्र ९६,००० रुपये ठरविलेली आहे. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली २०२३ पासून दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले आहे. कोणत्या मुलीस कोणती योजना लागू पडते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्ष व बालकल्याण समिती ठरवितात. रकमांत शासन निर्णयाप्रमाणे बदल होत असल्याने अर्जाच्या वेळी खात्री करून घ्यावी.

येथे पुन्हा १४४ महिन्यांच्या हिशेबाकडे वळावे. दरमहा २,२५० रुपये या दराने १२ वर्षांत ३,२४,००० रुपये मुलीच्या वाट्यास येतात. अर्ज एक वर्ष उशिरा गेला, तर २७,००० रुपये तिच्या ताटातून वजा होतात. चौकशी न करण्याची, कागद पुढच्या आठवड्यावर टाकण्याची ही किंमत आहे आणि ती शिक्षकास नव्हे, मुलीस द्यावी लागते.

कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला आणि केंद्र शासनानेही अशा मुलांसाठी स्वतंत्र योजना जाहीर केली. २०२१ साली पहिलीत असलेल्या मुली २०३३ च्या सुमारास सज्ञान होतील. साथ ओसरली म्हणून त्यांचे पालकत्व संपत नाही, याचे भान शाळांनी ठेवावयास हवे.

घरी राहणे खरोखरच अशक्य किंवा असुरक्षित असेल, तर बालगृहाचा मार्ग उरतो. अशी प्रत्येक संस्था कायद्याप्रमाणे नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. विनानोंदणी संस्था चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यास्तव कोणी कितीही प्रतिष्ठित गृहस्थ ‘आमच्या आश्रमात मुलगी पाठवा’ असे म्हणाला, तरी शिक्षकाने अथवा सरपंचाने मुलगी परस्पर सोपवू नये. मुलगी आश्रमात जाते ती बालकल्याण समितीच्या आदेशाने. हा आदेश म्हणजे नुसता कागद नव्हे. ती कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि तिची विचारपूस कोणी करावयाची, याची ती कायमची नोंद होय.

निराधार, हरवलेले किंवा सोडून दिलेले मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, पोलीस, बाल संरक्षण कक्ष अथवा बालकल्याण समिती यांपैकी कोणास तरी कळविणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. न कळविणे हाही गुन्हाच ठरतो.

शिक्षणाच्या बाजूने पाहता, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यावयास उशीर झाला म्हणूनही प्रवेश थांबविता येत नाही. वय वाढलेल्या मुलीस तिच्या वयाच्या इयत्तेत बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. नातलगांकडे अथवा बालगृहात गेलेल्या मुलीचा दाखला मुख्याध्यापकाने ताबडतोब द्यावा, हे कायद्याचेच सांगणे आहे. प्राथमिक टप्प्यानंतर २००४ पासून सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही मुलींसाठी निवासी शिक्षणाची महत्त्वाची सोय आहे. जेथे स्थलांतर मोठे आहे, तेथे हंगामी वसतिगृहांमुळे आईबाप परगावी गेले तरी मुलीची शाळा चालू राहते.

४. शिक्षकाने करावयाचे काम

योजना कितीही चांगल्या असल्या तरी त्या मुलीच्या घरापर्यंत आपोआप चालत जात नाहीत. आजीला कचेरी ठाऊक नसते आणि कचेरीला मुलगी ठाऊक नसते. दोघांनाही ठाऊक असलेला माणूस म्हणजे शिक्षक. त्याचे काम पुढील क्रमाने व्हावे.

(अ) नोंद : जून महिन्यात पट तयार करतानाच, वर सांगितलेल्या प्रकारच्या मुलींची एक स्वतंत्र नोंदवही मुख्याध्यापकांनी करावी. मुलीचा सांभाळ कोण करते, कोणते साहाय्य चालू आहे, कोणता कागद अपुरा आहे आणि पुढील भेट केव्हा, एवढे चार रकाने पुरेत. ही वही कपाटात कुलपात राहावी. ती वर्गात वाचून दाखविण्याची अथवा पाहुण्यांपुढे मांडण्याची वस्तू नव्हे.

(आ) गृहभेट : सलग तीन दिवस मुलगी आली नाही, तर चौथ्या दिवशी तिच्या घरी जावे. भेटीत उपदेश थोडा व विचारपूस अधिक असावी. चूल कोण पेटविते, धाकटे भावंड कोणाजवळ राहते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे गैरहजेरीचे कारण बहुधा उमगते. भावंडाला अंगणवाडीत बसविण्याने मोठ्या बहिणीची शाळा वाचल्याचे अनुभव अनेक गावांत येतात.

(इ) कागदपत्रे : पालकाच्या मृत्यूचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधारपत्र, बँकेचे खाते आणि शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव हेच पुष्कळ ठिकाणी अडणीचे ठिकाण असते. बोनाफाइड प्रमाणपत्र शाळेच्या हातचे आहे. ते मागण्यापूर्वीच द्यावे. बाकीच्यांसाठी तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी व अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य घ्यावे. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीपुढे अशा मुलींचा विषय मांडला म्हणजे जबाबदारी एकट्या शिक्षकावर राहत नाही.

(ई) पाठपुरावा : अर्ज दिला म्हणजे काम संपले, असे समजू नये. साहाय्य खात्यावर जमा झाले काय, ते मुलीसाठीच खर्च होते काय, हे दर तिमाहीस पाहावे. शिक्षकाची बदली झाली तर वही पुढील शिक्षकाच्या हाती देऊन, त्या मुलींची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी. बदलीच्या दिवशी अनेक मुलींचे पालकत्व तुटते. ते तुटू नये.

(उ) पुढची वाट : चौथी, पाचवी किंवा आठवी हा निराधार मुलीच्या वाटेवरील निसरडा टप्पा असतो. गावातील शाळा संपली की शिक्षणही संपते. म्हणून शेवटच्या इयत्तेच्या दुसऱ्या सत्रातच पुढील शाळा, वसतिगृह अथवा विद्यालय निश्चित करावे आणि जूनमध्ये प्रवेश झाल्याची खात्री करून घ्यावी. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळते आणि तेथे लहानपणीच्या शालेय नोंदी उपयोगी पडतात. संस्थेतून १८ वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या मुलीस अनुरक्षणाची सोय २१ वर्षांपर्यंत व अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत मिळू शकते. ही माहिती मुलीला वेळीच असावी.

५. दात्यांविषयी

शासकीय योजनांखेरीज गावातील व्यापारी, माजी विद्यार्थी, परगावी स्थायिक झालेले गावकरी हेही मुलींच्या शिक्षणाचा भार उचलू इच्छितात. शालेय खात्याने पूर्वी राबविलेली सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना याच भावनेवर आधारलेली होती आणि अनेक शिक्षकांनी तीत स्वतःच्या पगारातून वाटा दिला. असे साहाय्य स्वागतार्ह आहे. मात्र त्यास शिस्त हवी.

‘दत्तक पालक’ या शब्दाने दात्याचा अथवा मुलीच्या घरच्यांचा गैरसमज होऊ देऊ नये. हे कायद्याने घेतलेले दत्तक नव्हे. दात्यास मुलीवर कोणताही अधिकार प्राप्त होत नाही. तिला घरी कामास बोलावण्याचा नाही, तिच्या धर्माविषयी, शिक्षणाविषयी अथवा विवाहाविषयी निर्णय करण्याचा तर नाहीच नाही. रक्कम शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, पावती घेऊन द्यावी आणि तिचा हिशेब समितीच्या सभेत वाचावा. दात्याने मुलीस एकट्याने भेटू नये. भेट शाळेत, शिक्षिकेच्या उपस्थितीत व्हावी.

दात्यास प्रथमच विचारावे, ‘आपण किती वर्षे देऊ शकाल?’ एका वर्षाच्या ५,००० रुपयांपेक्षा पाच वर्षे दरसाल येणारे १,००० रुपये मुलीच्या शिक्षणास कित्येकदा अधिक उपयोगी पडतात. कारण त्यामुळे पुढील वर्षाची चिंता मिटते. एका दात्याने एक मुलगी घेण्यापेक्षा दहा दात्यांनी मिळून तीन मुलींचा निधी करावा. म्हणजे एखाद्याने हात आखडला तरी कोणाची वही बंद पडत नाही.

साहित्यवाटपाचे समारंभ, मंचावर उभ्या केलेल्या मुली, हार घातलेले पाहुणे आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र, हा प्रघात सर्वथा त्याज्य होय. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे. कायदा नसता तरी ही गोष्ट अनुचितच ठरली असती. १८६३ साली फुले दांपत्याने जी अब्रू सांभाळली, ती आज छायाचित्रासाठी उधळण्याचा अधिकार कोणास आहे?

६. वर्गातील वागणूक

बाहेरची सर्व व्यवस्था नीट लागली, तरी मुलीचे मन जपण्याचे काम वर्गातच व्हावयाचे असते. हजेरी घेताना अथवा साहित्य देताना ‘अनाथ मुलींनी हात वर करा’ असे म्हणू नये. ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध देण्याऐवजी ‘माझ्या घरातील माझे आवडते माणूस’ असा विषय द्यावा. म्हणजे आजीजवळ राहणाऱ्या मुलीलाही लिहावयास भरपूर असते. प्रगतिपुस्तकावर वडिलांचीच सही हवी, असा आग्रह धरू नये. पालक सभेस आजी आली तर तिला पुढच्या रांगेत बसवावे.

तसेच दयेपोटी या मुलींकडून अभ्यासाची अपेक्षा कमी करू नये. ‘बिचारी, तिला काय विचारायचे’ असे म्हणून जिचा प्रश्न टाळला जातो, ती हळूहळू वर्गातून नाहीशी होते. तिला फळ्यापाशी बोलवावे, गणित चुकले तर पुन्हा करावयास लावावे, बरोबर आले तर इतरांइतकेच कौतुक करावे. तिच्याकडे काही काम सोपवावे. पण ते वर्ग झाडण्याचे नसावे, ग्रंथपेटीची किल्ली सांभाळण्याचे असावे. आपणावर कोणी विश्वास ठेवते, हा अनुभव तिला इतरांपेक्षा कमी वेळा आलेला असतो.

समारोप

निराधार मुलीस वाढविण्यास असामान्य माणसेच लागतात, असे समजण्याचे कारण नाही. रमाबाई व कर्वे असामान्य होतेच. परंतु त्यांच्या संस्था टिकल्या, त्या दरसाल आपला वाटा पाठविणाऱ्या अनाम माणसांमुळे. आज कायदा आहे, समिती आहे, निधी आहे. उणीव भासते ती, या सर्वांची एका विशिष्ट मुलीशी गाठ घालून देणाऱ्या आणि ती गाठ सुटू न देणाऱ्या माणसाची. प्राथमिक शिक्षक हे काम करू शकतो, कारण वर्षातील दोनशेहून अधिक दिवस ती मुलगी त्याच्यासमोर बसलेली असते. ज्या दिवशी ती बसलेली दिसत नाही, त्या दिवशी तिचा शोध सर्वांआधी त्यानेच घ्यावयाचा असतो.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत निराधार अथवा जोखमीच्या परिस्थितीतील मुली किती आहेत? त्यांपैकी कितींना नियमित साहाय्य मिळते? इतरींचे कशामुळे अडले आहे?

२. मागील तीन वर्षांत शेवटच्या इयत्तेनंतर ज्या मुलींनी पुढे प्रवेश घेतला नाही, त्या सध्या काय करतात?

३. आपल्या गावातील साहित्यवाटपाची पद्धत मुलींचा मान राखणारी आहे काय? नसल्यास ती कशी बदलता येईल?

४. शिक्षकाची बदली झाल्यावर या मुलींची माहिती पुढील शिक्षकाकडे पोहोचविण्याची आपल्या केंद्रात कोणती रीत घालता येईल?

५. स्थलांतराच्या हंगामात गावी राहू शकणाऱ्या मुलींची सोय नातलग, वसतिगृह व शाळा यांच्या सहकार्याने कशी करता येईल? दिवाळीपूर्वी त्यासाठी कोणती तयारी हवी?